मगदूम सरांचा शर्ट

"मॅडम, दार उघडंना त्यो. आत मेलाबिला काय की," मारुती म्हणाला.

मारुती आमच्या कॉलेजचा शिपाई. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा पेपर चालू होता आणि त्याची ड्यूटी पहिल्या मजल्यावरच्या स्टाफच्या संडासाबाहेर लागली होती. मुलांच्या संडासाच्या खिडकीतून कॉप्या आत यायच्या, म्हणून परीक्षेच्या दिवसांत आम्ही तो कुलूप लावून बंद ठेवायचो. पेपर लिहिणाऱ्या कुणाला जायचंच झालं तर वर यायचं, मारुतीच्या देखत आत जायचं आणि मारुतीच्या देखत बाहेर यायचं.

"कोण आहे आत?"

"लोंढ्याचा दशरथ. मघाधरनं बसलाय. हाका मारून घसा बसला माझा."

दशरथला मी चांगली ओळखत होते. मी तिथली शारीरिक शिक्षणाची संचालक, म्हणजे मुलांच्या भाषेत पीटीची मॅडम. दशरथ रोज सकाळी माझ्या मैदानावर धावायचा. त्याला फौजदार व्हायचं होतं, आणि त्यासाठी पदवी लागत होती. आदल्या वर्षी तो कॉपीत सापडला होता. ही त्याची शेवटची संधी. यंदा परत काही लफडं झालं, तर विद्यापीठ त्याला परीक्षेलाच बसू देणार नव्हतं. आणि हा शहाणा भर पेपरात संडासात जाऊन बसला होता.

मी दार बडवलं. "दशरथ! इंगवले मॅडम बोलतेय. बरं वाटत नाही का?"

"बरा आहे, मॅडम."

"मग बाहेर ये की. पेपर कोण लिहिणार, तुझा काका?"

आतून हळूच आवाज आला, "मगदूम सरांना पाठवा."

"काय?"

"मगदूम सरांना पाठवा, मॅडम. एकट्यालाच. दुसरं कुणी नको."

मारुतीनं माझ्याकडं बघितलं, मी मारुतीकडं. दोघांच्याही मनात एकच आलं. कारण आदल्या वर्षी दशरथला कॉपीत पकडलं होतं ते मगदूम सरांनी, आणि त्यानंतर गेटवर सगळ्यांसमोर दशरथ त्यांना म्हणाला होता, "सर, वर्ष घालवलंत माझं. बघून घेतो तुम्हाला."

या एका वाक्यानं आमच्या कॉलेजात जे रामायण झालं, ते आधी सांगायला हवं.

जिनदत्त मगदूम रसायनशास्त्र शिकवायचे. जैन माणूस, अतिशय सरळ. दिवस मावळायच्या आत जेवायचे, अंधारात ताटात किडा पडून मरू नये म्हणून. वर्गात आवाज चढवायचे नाहीत. त्या धमकीनंतर मात्र ते पार खचले. त्यांची बायको संध्याकाळी ते घरी येईपर्यंत दारात उभी असायची. एकदा फटाका वाजला तर सर स्टाफरूममध्ये टेबलाखाली वाकले, आणि हसणाऱ्यांना मी झापलं होतं. भीती खरी होती, ते मी कधीच नाकारलं नाही.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब खराडे. त्यांनी इकडंतिकडं फोन करून सरांना पिस्तुलाचा परवाना काढून दिला. दादासाहेबांकडं स्वतःच्या दोन बंदुका आणि एक रिव्हॉल्व्हर. दर खंडेनवमीला त्यांच्या बंगल्यावर तालुक्यातले सगळे परवानेवाले जमायचे. पाटावर लाल कापड, त्यावर ओळीनं बंदुका, झेंडूच्या माळा, पेढे. मीही जायची. डुकरांपासून ऊस राखायला वडिलांनी घेतलेली बारा बोअरची बंदूक माझ्या नावावर होती, शिवाय नेमबाजीचं माझं स्वतःचं पिस्तूल होतं. त्या मेळ्यात मी एकटीच बाई, आणि नेम माझाच सगळ्यांत चांगला. त्याचा त्यांना भारी त्रास व्हायचा.

त्या वर्षी पाटावर मगदूम सरांचं नवंकोरं पिस्तूल होतं. दादासाहेबांनी स्वतःच्या हातानं त्याला हळदकुंकू लावलं.

"हे आता कॉलेजात घेऊन जायचं, सर. कपाटात ठेवायला नाही काढून दिलं मी. आणखी चारपाच प्राध्यापकांना काढून देतो. पोरांना कळलं पाहिजे."

"कमरेला लावून?" मी विचारलं.

"शर्टाखाली झाकून."

"पोरांना कळलं पाहिजे म्हणता आणि झाकून ठेवा म्हणता. नक्की काय ते ठरवा."

"बाई, कुणाच्या कमरेला आहे ते कळता कामा नये. कुणाच्या तरी आहे, एवढं कळलं पाहिजे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. दादासाहेब पेढा वाटतानाही भाषण दिल्यासारखेच बोलायचे.

"परवान्याच्या अटी वाचल्यात का कुणी?" मी म्हटलं. "शाळा-कॉलेजच्या आवारात हत्यार न्यायचं नाही. स्पष्ट छापलंय."

"जत्रेत न्यायचं नाही असंही छापलंय. तरी आमच्या भैरोबाच्या जत्रेत दरवर्षी बार उडतातच की!"

हशा पिकला. माझं डोकं फिरलं. मला बंदुकीचं वावडं असतं तर गोष्ट वेगळी. मी बंदुकीच्या घरातच वाढले. पण या लोकांशी वाद घालायचा म्हणजे बंदुकीच्या बाजूनं बोला, नाहीतर गप्प बसा. तिसरी जागाच नाही.

"दादासाहेब, ऐका माझं. माझी बंदूक घरी असते तेव्हा कुलपात असते. उसात असते तेव्हा खांद्यावर आणि मैदानावर असते तेव्हा हातात. म्हणजे ती कुठं आहे ते मला प्रत्येक क्षणी माहीत असतं. दिवसभर अंगावर वागवायची म्हणजे आधी तिची भीती वाटणार, मग सवय होणार, आणि सवय झाली की माणूस विसरतो. सर, तुम्ही फळ्यावर लिहिणार, खाली वाकणार, संडासला जाणार. तेव्हा ते कुठं ठेवणार?"

"मांडीवर!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि दादासाहेबांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. "बाई, तुम्ही म्हणजे कमालच करता हो. एवढा लांबचा विचार आम्ही केलाच नव्हता."

मगदूम सर तेवढे हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्हाला कुणी बघून घेतो म्हटलेलं नाही."

तरी मी म्हटलं, "सर, किडा मरेल म्हणून रात्री जेवत नाही तुम्ही. माणसावर चालवाल?"

"चालवायचं कुठंय? नुसतं जवळ ठेवायचंय."

"चालवायचं नसेल तर जवळ कशाला?"

"धीर येतो," ते म्हणाले. मी बंदूक पुसली, पिशवीत घातली आणि घरी आले.

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं, आणि इतकी वर्षं शर्ट पँटीत खोचून, पट्टा आवळून येणारे मगदूम सर शर्ट बाहेर काढून यायला लागले. ढगळ, रेघारेघांचा, मांडीपर्यंत लांब. दादासाहेबांचं तर जाकीटच असायचं. मी दर महिन्याला एकदा तरी वाद घालायची. प्राचार्यांना सांगितलं, तर ते म्हणाले की अध्यक्षांशी बोला. अध्यक्ष म्हणाले की तुम्ही मुलींच्या कबड्डीकडं लक्ष द्या. तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या, पण दगडावर डोकं आपटून डोकंच फुटतं.

तर त्या दिवशी मी मारुतीला दारापाशी उभं केलं आणि धावतच खालच्या मोठ्या हॉलमध्ये गेले. मगदूम सर तिथले मुख्य पर्यवेक्षक होते. त्यांना बाहेर जिन्यात बोलावलं.

"सर, दशरथ लोंढे वरच्या संडासात कडी लावून बसलाय. तुम्हाला बोलावतोय. एकट्यालाच."

त्यांचा हात शर्टाखाली कमरेकडं गेला. तिथंच थांबला. मग दुसरा हात दुसऱ्या बाजूला गेला. मग दोन्ही हात पाठीमागं. उंदीर शिरल्यासारखे ते स्वतःचीच कंबर चाचपायला लागले, आणि त्यांचा चेहरा बघता बघता पांढराफटक पडला.

"टाकीवर," ते म्हणाले.

"काय टाकीवर?"

"पेपर सुरू व्हायच्या आधी गेलो होतो. पोट बरं नव्हतं सकाळपासून. बसताना काढून फ्लशच्या टाकीवर ठेवलं. मग घंटा झाली, उत्तरपत्रिका वाटायच्या होत्या..."

"मगदूम!" मी सर म्हणायचंही विसरले. "भरलेलं आहे?"

"नळीत एक गोळी चढवलेली असते. दादासाहेब म्हणाले, नाहीतर ऐन वेळेला उपयोग काय."

हॉलमध्ये माना खाली घालून दीडदोनशे पोरं लिहीत होती. वरती ज्या पोराच्या भीतीनं या माणसानं पिस्तूल घेतलं, तोच पोरगा ते पिस्तूल घेऊन आतून कडी लावून बसला होता. आणि याला म्हणत होता, एकटा ये.

"आता पोलिसांना फोन," मी म्हटलं. "आणि हॉल रिकामा करायचा, मागच्या दारानं."

"नको, मॅडम!" त्यांनी माझे हातच धरले. "परवाना जाईल. नोकरी जाईल. तुमच्या पाया पडतो."

"आणि कुणाचा जीव गेला तर?"

तेवढ्यात अत्तराचा वास आला. दादासाहेब परीक्षेच्या दिवशी एक फेरी मारायचेच. आमचे चेहरे बघून त्यांनी दोन प्रश्नांत सगळं काढून घेतलं. आणि त्यांनी काय केलं असेल? जाकिटाखालून स्वतःचं रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं.

"चला. दार तोडू."

"खाली ठेवा ते आधी!" मी दबक्या आवाजात ओरडले. "एक आत आहे ते पुरे नाही का?"

"आत आहे म्हणूनच बाहेर पाहिजे. एवढं कळत नाही? बघा, आता पटलं ना, हत्यार जवळ असावं म्हणून?"

"अहो, तुम्ही यांना आणायला लावलं म्हणून ते आत आहे! यांनी घरी ठेवलं असतं तर आज तो पोरगा फक्त संडासला गेला असता आणि हात धुऊन पेपर लिहीत असता!"

"वाद नंतर घालू, बाई."

"वर्षभर हेच म्हणताय!"

आम्ही तिघं परवानेवाले, शिकलेसवरलेले, त्या जिन्यात कुजबुजत भांडत होतो. कितीही ओरडावंसं वाटलं तरी ओरडता येत नव्हतं, कारण पोरांचा पेपर चालू होता. आजही आठवलं की माझे दात आवळतात. आणि वरून कहर म्हणजे खाली गेटमधून भरारी पथकाची जीप आत येताना दिसली. कॉपी पकडणारं विद्यापीठाचं पथक.

जीप बघून दादासाहेबांनी मुकाट्यानं रिव्हॉल्व्हर जाकिटात घातलं. माझ्या सांगण्यानं नाही, जीप बघून.

ते पथकाला सामोरे गेले; फोन करत बसायला आता वेळ नव्हता, म्हणून मी मगदूम सरांची बाही धरली आणि त्यांना ओढतच वर नेलं. मारुतीला जिन्याच्या तोंडाशी उभं केलं, कुणाला वर सोडू नकोस म्हणून. सरांना दाराच्या बाजूला भिंतीशी उभं केलं. दाराच्या थेट समोर मी उभी राहिले. शौर्य वगैरे काही नाही. संताप इतका होता की भीती मागंच राहिली.

"दशरथ, मगदूम सर आलेत. मीही आहे. मी काही जाणार नाही. उघड."

कडी सरकली. दार आत उघडलं.

दशरथ समोरच्या भिंतीला पाठ लावून उभा होता. दोन्ही हात छातीपाशी, तळवे आमच्याकडं. शर्ट घामानं चिंब. टाकी त्याच्यापासून जितकी लांब असू शकेल तितकी लांब होती, आणि टाकीवर त्याचा चौकटीचा रुमाल पसरलेला होता. रुमालाखाली उंचवटा.

"मी हात लावला नाही, सर," तो म्हणाला. "आईची शपथ. वरनं रुमाल तेवढा टाकला."

मगदूम सर दारात आले आणि तिथंच गोठले. मीच पुढं झाले, रुमाल उचलला, पिस्तूल घेतलं, नळीतली गोळी काढली. 

"आवाज का दिला नाहीस रे, बाळा?"

"कुणाला देणार, मॅडम? मारुतीमामाला सांगितलं असतं तर दशऱ्यानं चोरलं म्हणूनच झालं असतं. मागचं आहेच की माझ्या नावावर." त्यानं ओठ पुसले. "बाहेर गेलो असतो तर पुढचा कोण आत आला असता, काय सांगावं? त्या शिरतोड्यांचा बंडू येतो, त्याला असलं काही दिसलं तर त्यो उचलणारच. म्हणून कडी लावली. म्हटलं, सरांच्या ध्यानात येईल. येतील परत पाच मिनिटांत."

तो सरांकडं बघत होता. रागानं नाही. पाहुण्यांची वाट बघून थकलेलं माणूस बघतं, तसं.

"सरांचंच आहे हे तुला कसं कळलं?"

"सगळ्या कॉलेजला माहीत आहे, मॅडम. सर शर्ट बाहेर काढून यायला लागले तेव्हापासून."

मी पिस्तूल मगदूम सरांच्या हातात दिलं. त्यांनी ते शर्टाखाली खोचलं. मी दशरथला म्हटलं, "पळ! उरलाय तेवढा वेळ लिही." आणि तो पळालाही, पण जिन्यातच भरारी पथकाचे साहेब वर येताना भेटले. सोबत दादासाहेब.

"हा इतका वेळ कुठं होता?" साहेबांनी विचारलं. कुणीतरी हॉलमध्ये सांगितलं होतं की एक जागा कधीची रिकामी आहे.

"संडासात," दादासाहेब म्हणाले. "मागच्या वर्षीचाच गडी आहे, साहेब. कॉपीवाला."

"दादासाहेब!" मी म्हटलं. "खरं सांगा. साहेब, हा पोरगा कॉपी करत नव्हता. आत भरलेलं पिस्तूल विसरून राहिलं होतं. दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून हा तिथं बसून होता."

साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच पिऊन आले होते.

"आमच्या मॅडमना चेष्टा करायची सवय आहे," दादासाहेब म्हणाले.

मग माझं डोकं फिरलं ते फिरलंच. मी मागं वळले, मगदूम सरांच्या त्या ढगळ शर्टाचं टोक धरलं आणि छातीपर्यंत वर उचललं. जिन्यात पांढरं बनियन, काळा पट्टा आणि त्यात खोचलेलं पिस्तूल सगळ्यांना दिसलं. साहेबांना, मारुतीला, दशरथला.

साहेब एक पायरी खाली सरकले. "परवाना आहे का?"

"आहे," सर पुटपुटले.

"मग झालं तर."

"झालं कसं?" माझा आवाज आता हॉलपर्यंत जात असणार. "कॉलेजच्या आवारात आणायलाच परवानगी नाही! परवान्यातच लिहिलंय!"

"तो पोलिसांचा विषय, मॅडम. माझा विषय कॉपी." त्यांनी मगदूम सरांना विचारलं, "तुम्ही सांगा, सर. तुम्ही मुख्य पर्यवेक्षक आहात. हे आत राहिलं होतं?"

आम्ही सगळे सरांकडं बघायला लागलो. दशरथही. मला वाटलं, आता बोलतील. रात्री किडा मरू नये म्हणून उपाशी राहणारा माणूस आहे. एका शब्दाचं काम होतं. हो. बस्स, एवढंच.

सरांनी शर्ट खाली ओढला, नीट केला.

"नाही," ते म्हणाले. "माझ्या कमरेलाच होतं."

"आणि तू रे? काय करत होतास आत?"

दशरथनं अजूनही सरांवरची नजर काढली नव्हती. मग ती काढली, पायरीकडं बघितलं आणि म्हणाला, "पोट बिघडलं होतं."

कॉपीचा एकही कागद सापडला नाही, तरी केस झाली. इतका वेळ वर्गाबाहेर, मागची नोंद, आणि मुख्य पर्यवेक्षकांची सही. मगदूम सरांनी सही केली. मी समोर उभी होते. त्यांनी वर बघितलं नाही.

मी सोडलं नाही. विद्यापीठात गेले, तिथं म्हणाले की कॉलेजकडून या. कॉलेजात गेले, तर प्राचार्य म्हणाले की विद्यापीठानं विचारलं तर बघू. पोलिस ठाण्यात लेखी दिलं. त्यांनी सरांना विचारलं, दादासाहेबांना विचारलं, शेवटी दशरथला बोलावलं. दशरथ म्हणाला, "कसलं पिस्तूल?" मारुतीला तर त्या दिवशी काही दिसलंच नव्हतं. ठाण्यातला अधिकारी मला समजावणीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, नेमबाजी वगैरे करता तुम्ही, डोक्यात सारखं तेच असणार." मी त्याला काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

पावसाळ्यात दशरथ कॉलेजच्या गेटवर दिसला. खाकी गणवेश, शिट्टी, हातात काठी. दादासाहेबांनी त्याला नोकरी दिली होती. फौजदार नाही, पण खाकी तरी मिळाली, असं स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं आणि मी कप आपटून बाहेर आले.

"का रे असं केलंस?" मी त्याला गेटवर गाठून विचारलं. "मी एकटी बोंबलत फिरले. तू हो म्हणाला असतास तर!"

"मॅडम, सरांनीच नाही म्हटल्यावर माझं कुणी ऐकलं असतं?" तो म्हणाला. "वर्ष तर गेलंच होतं. पिस्तुलाचं बोललो असतो तर तुरुंगातच गेलो असतो. तुम्हाला बोलता येतं. तुम्हाला कुणी चोर म्हणणार नाही."

त्या खंडेनवमीला मी गेले नाही. पण तिथं काय झालं ते कानावर आलंच. दादासाहेबांनी पेढे वाटताना सगळा किस्सा रंगवून सांगितला, आणि शेवटी म्हणाले, "बघा! बाई उगीच घाबरवत होत्या. पिस्तूल संडासात राहिलं, भरलेलं राहिलं, तरी काय झालं? काहीच झालं नाही." सगळ्यांना पटलं म्हणे. त्यानंतर आणखी तीन प्राध्यापकांनी परवान्यासाठी अर्ज केले. मगदूम सर निवृत्त होईपर्यंत शर्ट बाहेरच काढून यायचे. माझ्याशी बोलायचे नाहीत. मीही बोलले नाही.

या सगळ्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी निवृत्त झाले. दादासाहेब म्हातारे झाले, पण अध्यक्ष अजून तेच, आणि जाकीटही तेच. गेल्या महिन्यात मुलींच्या नेमबाजीच्या शिबिराचं विचारायला मी कॉलेजात गेले. गेटवर दशरथ. कानाजवळचे केस पिकलेत. त्यानं मला सलाम केला आणि पर्स उघडायला लावली.

"मलाही?"

"सगळ्यांनाच, मॅडम. आत काही नाही ना?"

"काही नाही रे. माझं घरी कुलपात असतं, तुला माहीत आहे."

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. दादासाहेबांची गाडी. दशरथनं धावत जाऊन आडवा बांबू वर केला आणि ताठ उभं राहून सलाम ठोकला. गाडी न थांबताच आत गेली. काचेतून दादासाहेबांचा हात तेवढा दिसला.

माझा इतक्या वर्षांचा राग वर आला. "त्यांना का नाही रे विचारत? त्यांच्या कमरेला काय असतं ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?"

दशरथनं बांबू खाली घेतला, दोरी गुंडाळली.

"विचारून काय होणार, मॅडम?" तो म्हणाला. "ते गेले की मी वर जाऊन टाकी बघून येतो. रोज."